खासगी तुरुंग बंद करणारं विधेयक असं लिहा, की ते कोर्टात टिकेल

अमेरिकेत माणसं कोंडून ठेवण्याचं काम ठेक्याने दिलं जातं. २०२२ मध्ये २७ राज्यांचे आणि फेडरल सरकारचे मिळून ९०,८७३ कैदी कंपन्यांच्या तुरुंगांत होते, म्हणजे एकूण कैद्यांपैकी सुमारे ८ टक्के. स्थलांतराच्या प्रकरणांत आयसीई ही फेडरल यंत्रणा ज्यांना पकडते, ते या आकड्यात नाहीत. त्यांच्यातले तर दहातले जवळपास नऊ जण कंपनीने चालवलेल्या जागेत असतात. या धंद्यात दोन नावं मोठी: टेनेसीतली कोअरसिव्हिक आणि फ्लोरिडातली जिओ ग्रुप. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथचं केंद्र कोअरसिव्हिक चालवते. एडिसनच्या मराठी वस्तीपासून ते गाडीने अर्ध्या तासावर आहे.

हे थांबवायचं तर कायदाच हवा, सरकारी आदेश पुरत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये फेडरल न्याय विभागाने खासगी तुरुंग टप्प्याटप्प्याने बंद करायचं पत्रक काढलं आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्या सरकारने ते मागे घेतलं. २६ जानेवारी २०२१ ला बायडन यांनी कार्यकारी आदेश १४००६ काढला. त्यानुसार फेडरल तुरुंग विभागाने २०२२ च्या नोव्हेंबरअखेर आपले खासगी तुरुंगांचे शेवटचे करार संपवले, पण आयसीई त्या आदेशाबाहेरच होती. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी तोही आदेश रद्द केला. एका सहीने आलेली गोष्ट एका सहीने जाते.

राज्यांनी मात्र कायदे केले आहेत. काही टिकले, काही कोर्टात अर्धे कापले गेले. कुठलं वाक्य टिकलं आणि कुठलं पडलं, हे आता निकालांतून दिसतं. आपल्या राज्यात, काउंटीत असं विधेयक आणू पाहणाऱ्यांसाठी, किंवा आलेल्या विधेयकाच्या बाजूने उभं राहू पाहणाऱ्यांसाठी ही माहिती आहे.

आधी करार हातात घ्या

मसुद्याचा पहिला शब्द लिहिण्याआधी मूळ करार वाचायला हवा. कंपनीकडे मागून तो मिळणार नाही. ज्या सरकारी कार्यालयाने सही केली आहे, त्याच्याकडे सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली अर्ज करा. मुदती लक्षात ठेवा: इलिनॉयमध्ये कामाचे ५ दिवस, न्यू जर्सीत साधारणपणे कामाचे ७ दिवस. कॅलिफोर्नियात नोंद देणार की नाही हे १० दिवसांत कळवावं लागतं, आणि त्याला जास्तीत जास्त १४ दिवसांची वाढ मिळू शकते.

‘तुरुंगाबद्दलची सगळी कागदपत्रं द्या’ असा अर्ज केलात तर तो फार व्यापक म्हणून परत येतो. नावं घेऊन मागा: मूळ करार आणि त्याच्या सगळ्या दुरुस्त्या, मागच्या २४ महिन्यांची बिलं, रिकाम्या पदांचे मासिक अहवाल आणि करारभंगाबद्दल कंपनीला पाठवलेल्या नोटिसा. दुरुस्त्या मागायला लोक विसरतात, आणि नेमक्या त्यांतच खाटा वाढवलेल्या असतात, मुदत लांबवलेली असते.

करार आला की पाच गोष्टी कागदावर काढा. मुदत कधी संपते आणि पुढे वाढवण्याचे किती पर्याय आहेत. कारण न देता करार संपवायचा तर किती दिवसांची नोटीस लागते. दर कैद्यामागे दर दिवसाला किती पैसे. इमारत कोणाच्या मालकीची. आणि ‘भरतीची हमी’ आहे का. ही पाचवी बाब सगळ्यांत वाईट. कैदी असोत नसोत, ठरलेल्या टक्क्यांइतक्या खाटांचे पैसे राज्याने द्यायचेच, असं हे कलम सांगतं. २०१३ मध्ये इन द पब्लिक इंटरेस्ट या संस्थेने ६२ करार तपासले. त्यांतल्या ४१ करारांत ८० ते १०० टक्के भरतीची हमी होती. ॲरिझोनात तीन तुरुंगांना १०० टक्के. त्याच राज्यात किंगमनच्या तुरुंगातून २०१० मध्ये तीन कैदी पळाले. राज्याने सुरक्षेसाठी तिथे नवे कैदी पाठवणं थांबवलं, तर कंपनीने ९७ टक्क्यांच्या हमीवर बोट ठेवून दाव्याची धमकी दिली आणि राज्याने रिकाम्या खाटांसाठी ३० लाख डॉलर मोजले. विधेयकाच्या सुनावणीत आकड्यांच्या लांबलचक तक्त्यापेक्षा ही एक गोष्ट जास्त काम करते.

बंदी कोणावर घालायची

सगळा खेळ या एका प्रश्नावर आहे, म्हणून इथे घाई करू नका.

कॅलिफोर्नियाचं एबी ३२ (असेंब्लीतलं विधेयक क्र. ३२) आमदार रॉब बोन्टा यांनी मांडलं आणि गव्हर्नर न्यूसम यांनी ११ ऑक्टोबर २०१९ ला त्यावर सही केली. त्यातलं एक कलम राज्याच्या तुरुंग विभागाला उद्देशून होतं: १ जानेवारी २०२० पासून नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी तुरुंगाशी नवा करार नाही, नूतनीकरण नाही, आणि १ जानेवारी २०२८ नंतर राज्याचा एकही कैदी तिथे नाही. दुसरं कलम बरंच पुढे गेलं: राज्यात कोणीही खासगी स्थानबद्धता केंद्र चालवू नये. हे ‘कोणीही’ आयसीईच्या ठेकेदारांनाही लागू होत होतं. जिओ ग्रुप आणि फेडरल सरकार दोघेही कोर्टात गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये नवव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे विभागीय फेडरल अपील कोर्ट) अकरा न्यायाधीशांच्या विस्तारित पीठाने ८ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, की आयसीईला आपलं काम कोणाकडून करून घ्यायचं हे राज्य ठरवू शकत नाही. हे तत्त्व थेट १८१९ च्या मॅक्युलक विरुद्ध मेरीलँड खटल्यापासून चालत आलं आहे: फेडरल कायदा वरचढ, आणि राज्याने फेडरल सरकारच्या कामावर ताबा मिळवू नये. वॉशिंग्टन राज्याचा २०२१ चा कायदाही याच खडकावर आपटला. न्यू जर्सीने ऑगस्ट २०२१ मध्ये केलेल्या कायद्यातली खासगी कंपन्यांवरची बंदी कोअरसिव्हिकच्या दाव्यात २०२३ मध्ये पडली आणि जुलै २०२५ मध्ये तिसऱ्या सर्किटने २ विरुद्ध १ असा तोच निकाल कायम ठेवला.

इलिनॉयने वेगळी वाट धरली. तिथे १९९० पासूनच खासगी तुरुंगांना मनाई आहे. २०२१ च्या कायद्याने राज्याने आपल्याच काउंट्यांना बजावलं, की स्थलांतर प्रकरणातली माणसं ठेवण्याचे आयसीईशी असलेले करार १ जानेवारी २०२२ पर्यंत संपवा. मॅकहेन्री आणि कँककी या काउंट्यांनी दावा केला आणि सातव्या सर्किटने ऑगस्ट २०२२ मध्ये तो फेटाळला. काउंटी ही राज्याचीच निर्मिती आहे. आपल्या हाताखालच्या संस्थेने कोणते करार करावेत हे राज्य ठरवू शकतं, आणि फेडरल सरकार राज्याला आपलं काम करायला लावू शकत नाही.

तेव्हा मुख्य कलम असं बांधा, की राज्य स्वतःचेच हात बांधून घेतं. आशय असा ठेवा: ‘राज्याचा कोणताही विभाग, काउंटी, शहर किंवा त्यांचा अधिकारी, राज्याच्या हद्दीत वा हद्दीबाहेर, माणसांना ताब्यात ठेवण्यासाठी कोणत्याही खासगी व्यक्तीशी किंवा संस्थेशी करार करणार नाही, असलेला करार वाढवणार नाही, त्याचं नूतनीकरण करणार नाही, त्यातल्या खाटा वाढवणार नाही.’ आयसीईसाठी काउंटीने करायच्या करारांचं कलम वेगळं लिहा. कंपन्यांवर थेट बंदी घालायचीच असेल तर तिचं तिसरं, स्वतंत्र कलम करा, आणि शेवटी एक कलम पडलं तरी बाकीची उभी राहतील असं स्पष्ट लिहा. तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्या, की कोर्टाला एक कापताना सगळंच कापावं लागण्याचा धोका असतो.

या वाटेचा एक परिणाम आधीच ओळखून ठेवायला हवा. काउंटीने करार संपवला की लोक सुटतातच असं नाही. बरेचदा त्यांना दुसऱ्या राज्यात हलवतात, वकिलापासून आणि घरच्यांपासून शेकडो मैल दूर. म्हणून मसुदा करताना स्थलांतर वकिलांच्या संस्थांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. बंद होण्याच्या तारखेआधी ज्यांच्या जामिनाच्या सुनावण्या लागू शकतात त्यांची यादी त्याच करू शकतात.

‘हद्दीबाहेर’ हा शब्द गाळू नका

हवाईचे कैदी ॲरिझोनातल्या सग्वारो तुरुंगात आहेत, व्हरमाँटचे मिसिसिपीत. दोन्ही जागा कोअरसिव्हिकच्या. नुसती ‘राज्यात खासगी तुरुंग नको’ अशी बंदी घातली, तर कैदी विमानाने बाहेर जातात आणि कायदा कागदावर निर्दोष राहतो.

‘नफ्यासाठी चालणारी’ हा शब्दही विचार करून वापरा. त्याने नुसत्या कंपन्या पकडल्या जातात, आणि त्याच कंपनीशी जोडलेली ना-नफा संस्था मधे उभी करायला जागा उरते. ‘खासगी’ म्हणा, आणि मग खरोखर वगळायच्या जागा नावाने वगळा: रुग्णालय, मानसोपचार केंद्र, अल्पवयीनांसाठीची उपचारगृहं, सुटकेनंतरची निवासगृहं. ‘चालवणे’ या शब्दाची व्याख्याही हवी. पहारा, कुलूपकिल्ली, शिस्तभंगाची कारवाई आणि कैद्याला कुठे ठेवायचं याचा निर्णय एवढं त्यात यायलाच पाहिजे. जेवण, दवाखाना, फोन हे ठेके सरकारी तुरुंगांतही असतात. ते याच विधेयकात ओढलेत तर विरोधकांची संख्या तिप्पट होते. आमचं मत: ते वेगळ्या विधेयकात घ्या.

अपवाद जितके कमी तितकं बरं, पण त्यात एक सापळा आहे. एबी ३२ ने राज्याच्या स्वतःच्या तुरुंगांना सवलत ठेवली होती: कैद्यांची संख्या कोर्टाने घातलेल्या मर्यादेत ठेवायची असेल तर खासगी जागा वापरता येईल. कॅलिफोर्नियात ही मर्यादा मूळ क्षमतेच्या १३७.५ टक्के आहे. नवव्या सर्किटच्या पहिल्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०२१ मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवलं: राज्याला सवलत आणि फेडरल सरकारला नाही, हा भेदभाव. अपवाद टाळता येत नसेल तर त्याला कुंपण घाला: कोर्टाचा लेखी आदेश असेल तरच, एका वेळी सहा महिनेच, खाटांची संख्या ठरलेली, आणि दर महिन्याला विधिमंडळाला लेखी अहवाल.

इमारत कंपनीची पण चालवणारं राज्य, अशी भाडेपट्टीची सोयही एबी ३२ मध्ये होती. कॅलिफोर्निया सिटीतली कोअरसिव्हिकची २,५६० खाटांची इमारत राज्याने अशीच २०१३ पासून भाड्याने घेतली होती. मार्च २०२४ मध्ये भाडेपट्टा संपला, इमारत कंपनीकडे परत गेली, आणि २०२५ मध्ये तिथे आयसीईचं केंद्र सुरू झालं. भाड्याने घ्यायचीच असेल, तर पट्टा संपल्यावर ती आधी विकत घेण्याचा हक्क राज्याकडे राहील असं विधेयकातच लिहा.

तारखा

एबी ३२ वर सही झाली ११ ऑक्टोबरला आणि कायदा लागू झाला १ जानेवारीला. मधे ८२ दिवस मोकळे होते. १ जानेवारी २०२० आधीचे करार त्यांची मुदत संपेपर्यंत चालू द्यायची तरतूद कायद्यातच होती. डिसेंबर २०१९ मध्ये आयसीईने कॅलिफोर्नियातल्या केंद्रांसाठी नवे करार केले: पाच वर्षं, आणि वर पाच-पाच वर्षांचे दोन पर्याय. म्हणजे पंधरा वर्षं! कोर्टाचा निकाल येण्याआधीच बंदीतली हवा गेली.

यावर उपाय दोन. एक, विधेयक तातडीचं म्हणून मंजूर करून घ्यायचं. कॅलिफोर्नियात साध्या विधेयकाला असेंब्लीत ८० पैकी ४१ आणि सिनेटमध्ये ४० पैकी २१ मतं पुरतात. तातडीच्या कलमाला दोन-तृतीयांश, म्हणजे ५४ आणि २७ लागतात, पण मग कायदा सही होताच लागू होतो. तेवढी मतं नसतील तर दुसरा उपाय: ‘आधीचा करार’ म्हणजे विधेयक मांडल्याच्या तारखेआधीचा करार, अशी व्याख्या करा, आणि त्यातला वाढीव मुदतीचा पर्याय वापरणं हे ‘नूतनीकरण’ समजलं जाईल असं स्पष्ट लिहा. हे शेवटचं वाक्य नसेल तर पाच वर्षांचा करार गुपचूप पंधरा वर्षांचा होतो.

चालू करार कायद्याने मधेच तोडायला जाऊ नका. राज्यघटनेतलं कराराचं संरक्षण कंपनीच्या बाजूने उभं राहतं आणि नुकसानभरपाईचा दावा येतो. करारातच कारण न देता संपवण्याचं कलम असेल तर विभागाने ते अमुक तारखेपर्यंत वापरावं, असा आदेश विधेयकातून देता येतो. ९० किंवा १८० दिवसांची नोटीस असेल तर ती तारीख मागे मोजून धरा.

आणि ही माणसं जाणार कुठे? या प्रश्नाला उत्तर नसलं तर विधेयक समितीतच अडकतं. बिलांवरून महिन्याची सरासरी संख्या काढा, सरकारी तुरुंगांत खरोखर किती जागा आहे ते मांडा, आणि फरक शिक्षेतली सूट, वृद्ध आणि आजारी कैद्यांची लवकर सुटका, छोट्या गुन्ह्यांसाठी पर्यायी शिक्षा यांतून कसा भरेल ते त्याच विधेयकात कलम म्हणून घाला. नवे सरकारी तुरुंग बांधणं हे उत्तर होऊ देऊ नका. कंपनीच्या पहारेकऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य आणि तुरुंगावर जगणाऱ्या गावाला दोन-तीन वर्षांची उतरती मदत लिहिलीत, तर स्थानिक आमदाराचा विरोध बराच मवाळ होतो.

समितीसमोर

कॅलिफोर्नियात विधेयक साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मांडावं लागतं आणि छापून ३० दिवस झाल्याशिवाय त्यावर सुनावणी होत नाही. पाठिंब्याचं पत्र सुनावणीच्या निदान आठवडाभर आधी समितीच्या पोर्टलवर चढवा; उशिरा आलेलं पत्र समितीच्या टिपणात येत नाही आणि आमदार वाचतात ते टिपणच. मुख्य साक्षीदार सहसा दोन, प्रत्येकी दोन मिनिटं. इंग्रजीत हे जेमतेम २५० शब्द होतात. बाकीच्यांनी फक्त नाव, संस्था आणि ‘पाठिंबा’ एवढंच म्हणायचं. इलिनॉयमध्ये ऑनलाइन साक्षीदार-चिठ्ठी भरली तरी तुमचं मत नोंदलं जातं.

बरीच विधेयकं मतदानात नाही, तर खर्च-समितीच्या राखीव यादीत मरतात. कॅलिफोर्नियाच्या असेंब्लीत खर्च १,५०,००० डॉलरांवर गेला की विधेयक त्या यादीत जातं आणि तिथून चर्चेविना वगळलं जाऊ शकतं. म्हणून खर्चाचा अंदाज तुम्हीच आधी करून समितीच्या सल्लागाराला द्या.

कंपनी दरडोई खर्चाचा तक्ता घेऊन येईल. त्यात विचारायचं एकच: आजारी आणि कडक पहाऱ्यातले कैदी कोणाकडे आहेत? बहुधा सरकारकडे, म्हणून तुलना फसवी ठरते. २०१६ मध्ये फेडरल न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी १४ खासगी आणि १४ सरकारी तुरुंग शेजारी ठेवून पाहिले, तर सुरक्षेच्या बहुतेक निकषांवर खासगी तुरुंगांत दरडोई घटना जास्त होत्या. पण खर्चातच अडकू नका. नोव्हेंबर २००९ मध्ये इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने बीरशेबाजवळ बांधून तयार असलेला खासगी तुरुंग सुरू होण्याआधीच घटनाबाह्य ठरवला, तेव्हा तो कसा चालेल हे पाहिलंच नाही. माणसाचं स्वातंत्र्य हिरावण्याची सत्ता नफा कमावणाऱ्याच्या हाती देणं हाच त्याच्या प्रतिष्ठेवर घाला आहे, असं ८ न्यायाधीशांनी म्हटलं, एकाने विरोध केला. दोन मिनिटांतलं निदान अर्धं मिनिट या मुद्द्याला द्या.

साक्ष द्यायला नागरिक किंवा मतदार असावं लागत नाही. मात्र निवडणुकीच्या देणग्यांचं तसं नाही: ग्रीन कार्ड असलेल्यांना देणगी देता येते, एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना कायद्याने मनाई आहे. आमदारांच्या ‘भेटीगाठींच्या जेवणाचं’ तिकीटही देणगीच असू शकतं, हे लक्षात ठेवा. तुमचं महाराष्ट्र मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त ना-नफा संस्था म्हणून नोंदणीचं असेल तर ते विधेयकाला पाठिंबा देऊ शकतं, उमेदवाराला नाही. कर खात्याचा फॉर्म ५७६८ भरून विधेयकांच्या प्रचारावरच्या खर्चाची मर्यादा निश्चित करून घ्या: संस्थेच्या पहिल्या ५ लाख डॉलर खर्चाच्या २० टक्के, आणि त्यातला चौथा हिस्साच लोकांना ‘आमदाराला फोन करा’ असं सांगण्यावर.

पूर्ण बंदी शक्य नसेल तर

कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये ॲटर्नी जनरलला स्थानबद्धता केंद्रांची तपासणी करण्याचे अधिकार दिले. २०१९ मध्ये नवव्या सर्किटने एक तुकडा वगळता ते वैध ठरवले. २०१७ मध्येच आलेल्या दुसऱ्या कायद्याने, असं केंद्र उभारायला शहराने जागा किंवा परवाना देण्याआधी १८० दिवसांची जाहीर सूचना आणि दोन खुल्या बैठका सक्तीच्या केल्या. २०२० मध्ये, करारातले निकष मोडणाऱ्या कंपनीवर थेट दावा करण्याचा हक्क कैद्याला मिळाला. जमीनवापराचा परवाना हेही खरं हत्यार आहे: कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थ शहराने परवान्याच्या मुद्द्यावर दावा केला आणि जून २०२५ मध्ये कोर्टाने कोअरसिव्हिकला परवान्याशिवाय तिथे माणसं ठेवायला तात्पुरती मनाई केली. गावात रिकामा तुरुंग उभा असेल तर तिथला परवाना अजून जिवंत आहे का, हे नियोजन कार्यालयात आजच विचारा.

सही झाल्यावर करारांची यादी पुन्हा काढा आणि प्रत्येक पर्यायाची तारीख सहा महिने आधीच्या खुणेसह कॅलेंडरवर लिहा. त्या आठवड्यात नोंदींचा नवा अर्ज करा: ‘या करारात मागच्या ९० दिवसांत झालेली प्रत्येक दुरुस्ती.’